मामूंची शुगर

पेढा हातात दिला की गुलाबमामू आधी तो उलटा करून बघत आणि विचारत, “ह्यात कुणी रडलंय का?”

शिरूरला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मी दहावी पास झाले तेव्हाचे पेढेही या चौकशीतून सुटले नाहीत. दूध कुठलं, वासराला पोटभर मिळालं का, सगळं विचारून झाल्यावर मामूंनी मला तोंडभर आशीर्वाद दिला आणि पेढा परत डब्यात ठेवला. आई कितीतरी दिवस धुसफुसत होती.

याचं मूळ एका फ्रॉकात होतं. वडगाव रासाईकडं ऊसतोडीला आलेल्या एका बाईनं लेकीला मापाला आणलं होतं. बाही मोजताना त्या एवढ्याशा हातांवर मामूंना पाचटाचे ओरखडे दिसले. तेव्हापासून साखर बंद. गूळही उसाचाच, म्हणून तोही गेला. मी मधाचं सुचवलं तर म्हणाले, “आन् माश्यांनी कुणाकडं बघायचं?” लग्नात जिलेबी नाकारली की लोक विचारत, शुगर झाली का मामू? त्यांना खोटं बोलवत नसे. “शुगरचाच तरास हाय,” म्हणत, आणि लोक हळहळत.

पुढं पाकिटांवर हिरवा ठिपका आला तेव्हा मामू हरखले. सरकारनं अखेर आपलं ऐकलं, असं त्यांना वाटलं. वाण्यानं समजावलं की त्याचा अर्थ आत मांस-अंडं नाही, एवढाच. मामूंनी पाकीट खाली ठेवलं. “मग रडण्याचा ठिपका कुठं असतोय?”



आम्ही हसायचो. पण मामी गेल्यापासून मामूंच्या घरी ईदला येणारं एकच माणूस होतं, दौंडची नात सना. तिला ते परसातली बोरं देत. काटे फक्त आपल्यालाच टोचलेत, अशी वर ग्वाही. एका वर्षी तिनं फोनवर सांगून टाकलं, नानांकडं खाऊच नसतो, मी येणार नाही.

त्या दिवशी मामूंचं मशीन वाजलंच नाही. संध्याकाळी ते मला सोबत घेऊन वाण्याकडं गेले आणि चॉकलेट मागितलं. त्याच्या बिया लांबच्या मुलखात लहान पोरं तोडतात, हे त्यांनी पेपरात वाचलेलं होतं. घरी येईपर्यंत चॉकलेट त्यांनी अंगापासून लांब धरलं होतं. मला त्यांची फार दया आली.

चॉकलेट आणलंय कळल्यावर सना आली. हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि विचारलं, “नाना, ह्यात कुणी रडलंय का?”

मामूंनी वेष्टन सोलून चॉकलेट तिच्या हातात परत दिलं.

“असंल गं बाई,” ते म्हणाले. “तू खा. रडायचं माझ्याकडं लागलं.”

ती मिटक्या मारत खात होती. मामू गळ्यातल्या टेपनं डोळे पुसत होते.