खामसिंग उस्तादांचे बाणानें मासळीचा रांजण सर केला, त्याची हकीकत

श्री पर्जन्याधिपती फया थेन, आभाळीं बसून इसान मुलखाचे भातखाचरांवर पाणी सोडणारे, त्यांस साष्टांग दंडवत. नोंगखोन गावीं ऐन उन्हाळ्यांत दारूगोळ्याचा जो प्रसंग गुदरला, तो डोळां पाहिला तैसा, पदरचा मीठमसाला फारसा न घालतां, लिहिला असे.

अग्निबाणांचे उत्सवास बारा रोज उरले. आभाळीं बाण गेल्याविना फया थेन साहेबांस पावसाचें स्मरण होत नाहीं, हें सर्वांस विदित. गावचा बाण चाळीस सालें वृद्ध उस्ताद खामसिंग भरीत. परंतु गेलीं दोन सालें बाण जागींच फुसकला आणि शेजारील दोनताल गावाची हसून हसून मुरकुंडी वळली. मग गावचे मोकदम प्रासित यांनीं फर्मान काढिलें कीं, यंदा बाणाची नळी आधीं झाडास बांधून पेटवावी. नीट जळाली तर खामसिंगांची उस्तादी बहाल, न जळाली तर बाण दोनतालाहून विकत आणावा. हें ऐकून उस्तादांचें अन्न तुटलें. चिकट भाताचा गोळा हातींच वाळून जाई.

मग दिवस मुक्रर जाहला आणि दीड पुरुष लांबीची निळी नळी, पोटांत सोरा आणि कोळसा ठासून, चिंचेपाशीं दाखल जाहली. उस्तादांचा मनसुबा, डोकें जमिनींत गाडावें आणि आग ओकणारें शेपूट वर करावें, म्हणजे नळी जागींच रुतून राहील. तों त्यांचा कबिला बुआलायबाई यांनीं हरकत घेतली.

"अहो, शेपूट म्हणजे पायच की. देवाकडे पाय करून पाऊस मागणार का?"

मुद्दा बिनतोड. मग नळी आडवी बांधावी ऐसी मसलत पडली. परंतु शेपूट पश्चिमेस करावें तर विहारांतील भिक्षूंस पाय, आणि पूर्वेस करावें तर गावदेवतेस पाय, आणि दक्षिणेस खुद्द मोकदमांचें घर. उत्तरेस तेवढें दोनताल, आणि त्यांस पाय दाखविण्यास कोणाचीच ना नव्हती. सबब शेपूट उत्तरेस जाहलें. डोकें आपसूक मोकदमांचे स्वयंपाकघराकडे आलें; तो आपला मान समजून मोकदम खुष जाहले.

मग वात पेटली. सात अंक मोजीतों नळी शिस्तीनें गर्जली. आठव्यास दोर जळाले आणि नळी सुटली, आणि कुंपण फोडून, बदकांची फौज उधळून, मोकदमीण सुनीबाई यांचे तीन सालें मुरविलेल्या मासळीचे रांजणांत खासी दाखल जाहली. रांजण धारातीर्थीं पडला. वास सुटतांच अर्ध्या गावानें नाक धरिलें आणि उरलेला अर्धा गाव भात आणावयास धांवला. विहारांतून महास्थविरांचा निरोप आला कीं, माध्यान्हीनंतर अन्न वर्ज्य असलेल्या भिक्षूंवर ऐसा वास सोडणें हा जुलूम आहे. तितक्यांत धुरानें काळवंडलेले दोनतालकर मोटारसायकलींवरून हजर जाहले आणि त्यांनीं मोठ्या अदबीनें विचारपूस केली.

"यंदा बाण आभाळात सोडताय की मासळीत? नाही, तसं कळलं तर आम्ही भात घेऊनच येऊ."

मग चिंचेखालीं निवाडा बसला. मोकदमांचें म्हणणें, नळीनें जागीं राहावें ऐसें ठरलें असतां ती राहिली नाहीं. सुनीबाईंचें मागणें, बाण फसल्यास करणाऱ्यास चिखलांत लोटितात, ती उत्सवाची रीत आजच चालवावी. मोकदमांस घरीं जेवावयाचें होतें. त्यांनीं तात्काळ हुकूम दिला. चाळीस सालांची उस्तादी गेली, ऐसें उस्तादांस वाटलें, आणि पाहणारांसही वाईट वाटलें.

तों बुआलायबाई पुढें जाहल्या.

"प्रासितबाबा, विकतचा बाण आणणाऱ्याला कधी कुणी चिखलात टाकलंय? ज्यानं बनवला, त्यालाच टाकतात. तू यांना टाकतोयस ना? मग यंदाचा बाण यांचाच."

मोकदमांनीं सुनीबाईंकडे पाहिलें. सुनीबाईंस हसूं आवरेना. त्याच म्हणाल्या कीं, इतका जाड रांजण फोडण्याचा जोर दोनतालच्या बाणांत नाहीं. फक्त पुढच्या खेपेस साखळदंड बांधावा.

हें ऐकतांच उस्तादांनीं सदरा उतरविला, घडी करून बाईंचे हातीं दिला, आणि चौघे धरावयास येतों न येतों तों आपणच म्हशींचे डबक्यांत उडी घेतली. वर आले तेव्हां रडत होते कीं हसत होते, हें चिखलामुळें कळलें नाहीं. दोनतालकरही टाळ्या पिटीत होते.

येणेंप्रमाणें राजमान्य खामसिंग उस्ताद, गळ्याइतक्या चिखलांत उभे, आपले जागीं कायम जाहले. फत्ते जाहली.