पिवळ्या डब्याचं अतिक्रमण

"घर माझं, मशीन पोरीची, अन् कोपऱ्यात बसलाय कोन तिसराच!"

धम्मानंदरावांचं पुटपुटणं स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या सुलाबाईंना स्वच्छ ऐकू आलं. पाथरीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पुटपुटणं असं काही नसायचंच, सगळं बोलणंच.

तिसरा म्हणजे एक पिवळा डबा. महिन्याभरापूर्वी तो कंप्यूटरमध्ये कुठून शिरला, कुणास ठाऊक. नाव त्याचं 'स्पीड मित्र'. दर दहा मिनिटांनी पडद्यावर उगवायचा आणि 'आपका कंप्यूटर खतरे में है' असं बजावायचा. सुलाबाईंचं त्याच्याशी एकच भांडण होतं. रविवारी अकराला सुकेशनी बेंगळुरूहून पडद्यावर यायची, आणि हा नेमका लेकीच्या तोंडावर येऊन बसायचा.

सुकेशनीला जाऊन पाऊण वर्ष झालं होतं. जिल्ह्याची पक्की नोकरी सोडून ती लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायला गेली. तहसीलमध्ये वर्षानुवर्षं अतिक्रमणाचं टेबल सांभाळलेल्या धम्मानंदरावांना 'पक्की नोकरी सोडली' हे वाक्य आजवर एका दमात पुरं करता आलं नव्हतं. तेव्हापासून ते लेकीशी बोलले नव्हते. ती पडद्यावर आली की उठायचे आणि दाराआड उभे राहायचे. हातातला चहा गार व्हायचा.

डबा काढायचा तर रीतीनंच. आधी धम्मानंदरावांनी नोटीस लिहिली: 'सदर इसमाने सात दिवसांत जागा खाली करावी.' ती पडद्याच्या काठाला डिंकानं चिकटवली. सात दिवस गेले, खुलासा आला नाही. मग रविवारी सकाळी शेजारच्या माणिकरावांना पंच म्हणून बोलावलं गेलं.

"भाऊ, मला ह्यातलं कायबी कळत न्हाई," माणिकराव म्हणाले.

"पंचाला कळायची गरज न्हाई. बघायचं, अन् सही करायची."

मशीनमधल्या प्रोग्रॅमांची यादी उघडली. स्पीड मित्र निघाला. जाताजाता त्यानं 'का काढता?' असं विचारलं, तेव्हा धम्मानंदराव क्षणभर हळवे झाले. सगळ्या नोकरीत एकाही अतिक्रमणवाल्यानं इतक्या अदबीनं विचारलं नव्हतं.

तिथंच थांबले असते तर बरं होतं. पण अतिक्रमण एकटं कधी नसतं, लगतचंही तपासावं लागतं, असा त्यांचा अनुभव. यादीत प्रत्येक नावापुढं बनवणाऱ्या कंपनीचं, म्हणजे मालकाचं, नाव होतं.

"ह्या मालकाला वळखता?"

"न्हाई ब्वा."

"मग काढा."

असे आणखी चौघे निघाले. चौथ्याचं नाव तर दोघांनाही वाचता आलं नाही. तो गेल्यावर मशीन 'बंद करून चालू करू का?' असं विचारू लागली. पंचनामा व्हायचा होता; धम्मानंदरावांनी 'नंतर' दाबलं. पंचनाम्याचे सगळे रकाने भरले. 'अतिक्रमण कसे झाले' एवढा एकच कोरा राहिला. सुलाबाईंनी तो पाहिला.

अकराला त्यांनी पिठाच्या हातानंच लेकीनं पाठवलेली निळी ओळ दाबली. सुकेशनी आली. किती दिवसांनी तिचं सगळं तोंड दिसलं! तोंड हललं, आवाज मात्र नाही.

"अगं माय, बोल की!"

तिकडं सुकेशनीनंही कानाला हात लावून मान हलवली.

"चौथा! तो चौथा आवाजवाला हुता," माणिकराव उठलेच. "भाऊ, माझी सही झाली न्हाई हां अजून. ध्यानात ठेवा." आणि चप्पल हातात घेऊनच बाहेर पडले.

सुकेशनीनं कागद धरला: 'आवाज नाही. काय केलं?'

सुलाबाईंनी हात पुढं केले. "तुमीच लिव्हा. माझे हात भरलेत." पीठ केव्हाच वाळलं होतं.

पाऊण वर्षानंतर बापानं लेकीला पहिली ओळ लिहिली: 'उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, आवाजवाला इसम अनवधानाने हटविला गेला आहे.' सुकेशनीनं वाचलं आणि टेबलावर डोकं टेकून खदखदून हसली, बिनआवाजी. मग लिहिलं: 'बंद करून चालू करा. तो आपोआप परत येईल.'

त्यांनी तसं केलं, ओळ पुन्हा दाबली. सुकेशनी दिसली. खाली मान घालून ती पुढचा कागद लिहीत होती. नुसता भांग दिसत होता. आवाज काही नाही. सूचना निष्फळ ठरली, असं धम्मानंदरावांनी मनाशी नोंदवलं. सुलाबाई तव्याकडं वळल्या.

"वाळलीस लय," मागून पुटपुटणं आलं. "तो डबा कसा शिरला, ते तुझ्या आईला सांगितलं न्हाई मी. तुझं ते बकरीचं पुस्तक कुठं बघायला मिळतंय का, ते धुंडत हुतो. पुस्तक न्हाई मिळालं, हा मिळाला. वरचं चित्र तेवढं दिसलं. बकरी पेडगावच्या मनकर्णामावशीचीच काढलीस ना? कान फाटलेली. वळखली मी."

सुलाबाई जागीच थांबल्या. पडद्यावर पेन थांबलं होतं. भांग हलत नव्हता.

"बाबा," मशीनमधून खणखणीत आलं, "आवाज यायलाय."

धम्मानंदराव ताठ झाले. घाईघाईनं कागद-पेन चाचपू लागले. सुलाबाईंनी दोन्ही उचललं आणि पदराखाली घेतलं.

"तोंडानं," त्या म्हणाल्या.

पडद्याच्या काठाची नोटीस धम्मानंदरावांनी हळूच सोलून काढली. तिची घडी केली, त्या घडीची घडी केली. खाकरले.

"नोकरीचं मी अजून काय म्हनत न्हाई. पन तुझ्याशी बोललो न्हाई, ते माझं चुकलं, माय."