सरकारी होडीला डांबर

मार्तंड जामखेडचा. जामखेडच्या माणसाच्या लेखी पाणी म्हणजे हंड्यात असतं ते. त्याहून जास्त पाणी एका जागी दिसलं की त्याला ती शुद्ध उधळपट्टी वाटते. अशा माणसाला सरकारनं भंडारदऱ्याच्या धरणावर कारकून नेमलं, आणि तेवढ्यावर न थांबता तिथली होडी त्याच्या ताब्यात दिली.

ताब्यात म्हणजे कागदोपत्री. होडी वल्हवायला सहादेव आणि छगन हे दोन खलाशी होते. मार्तंड स्वतः होडीत कधी बसला नव्हता. (एकदा बसायला गेला होता. पण एक पाय आत टाकल्याबरोबर होडी किंचित हलली, आणि त्याला कचेरीतलं एक अत्यंत निकडीचं काम आठवलं.) बायकोला, म्हणजे दमयंतीला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपला नवरा एवढं मोठं धरण सांभाळतो, या समजुतीत ती सुखी होती, आणि मार्तंडानंही तिचं सुख कधी मोडलं नव्हतं.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळायची मारामार होती, आणि मे महिन्याचं ऊन तापलं होतं. अशा वेळी पारनेरहून मार्तंडाचे सासरे आले. नृसिंहपंत. घरात त्यांना सगळे नाना म्हणत. पारनेरच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून ते निवृत्त झाले होते, पण हातातली छडी गेली तरी नजरेतली गेली नव्हती. त्यांच्यासमोर बसलं की मार्तंडाला आपलं गणित चुकलंय असं वाटायचं, गणित घातलेलं नसलं तरी.

सकाळी चहा पिता पिता नाना म्हणाले, "मार्तंडराव, मी इथवर आलोय तो काही नुसता आमरस खायला नाही. पलीकडे रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे म्हणतात. आजच दर्शनाला जाऊ. होडी तुमच्याच ताब्यात आहे ना?"

"हो, म्हणजे... आहेच ताब्यात."

"मग झालं तर. तुम्ही, मी आणि दमयंती. तुमच्यासारखा पाण्यातला माणूस बरोबर असला की काळजी नाही."

पाण्यातला माणूस! मार्तंडानं कप खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांसमोर ते अथांग पाणी, ती डुलणारी होडी आणि समोर बसलेले नाना असं चित्र उभं राहिलं. यातली कुठलीही एक गोष्ट त्यानं सोसली असती. तिन्ही एकदम म्हणजे फार झालं.

"पण नाना," तो म्हणाला, "होडी पाण्यात नाहीच. काठावर ओढून घेतलीय. बुडाला डांबर लावायचंय."

हे बोलताना समोरच्या खिडकीतून होडी पाण्यावर मजेत डुलताना स्वच्छ दिसत होती. मार्तंडानं उठून खिडकी लावून घेतली.

"अहो, खिडकी कशाला लावली?" दमयंतीनं विचारलं.

"ऊन येतंय."

(खिडकी पश्चिमेची होती आणि सकाळचे आठ वाजले होते. पण नवऱ्याला दिशा शिकवायची पद्धत तेव्हा नव्हती.)

"अरेरे," नाना म्हणाले, आणि त्यांनी आणखी अर्धा कप चहा मागून घेतला.

मार्तंड टोपी डोक्यावर घालतच धावत सुटला. सहादेव काठावर तंबाखू मळत बसला होता.

"सहादेव, होडी बाहेर काढ!"

"कुटं जायाचंय, भाऊसाहेब?"

"कुठं जायचं नाही. पाण्यातून बाहेर काढ. डांबर लावायचंय."

"आत्ता? पर डांबर तर पावसाच्या तोंडाला लावतो आपन."

"सरकारी काम आहे. वरून निकड आहे."

"वरून म्हंजी? सायबाकडून?"

"त्याच्याही वरून," मार्तंड म्हणाला. अमृतेश्वराचा विचार करता हे अगदीच खोटं नव्हतं.

सहादेवनं छगनला हाक मारली, धरणावरच्या चार बेलदारांना बोलावलं, लाकडाचे ओंडके आडवे टाकले आणि दोर बांधला. होडी ओढायला सुरुवात झाली. मार्तंडानं आयुष्यात प्रथमच दोराला हात लावला. 'हैसा!' म्हणून सगळ्यांनी ओढ दिली, तेव्हा होडी वीतभर वर आली आणि मार्तंड हातभर खाली गेला. काठावरच्या शेवाळावरून त्याचा पाय घसरला होता. मग छगननं त्याला लांब खडकावर उभं केलं आणि म्हणाला, "तुमी नुसतं 'हैसा' म्हना, भाऊसाहेब. त्येचा लई जोर लागतो."

शेवटी होडी वर आली. ती पालथी घातली तेव्हा तिच्या बुडाला हातभर लांब हिरवी दाढी आलेली दिसली. सहादेव म्हणाला, "तरीच हल्ली म्हशीवानी चालायची!" मग होडीची एक बाजू उचलून खाली लाकडी टेकू दिले आणि माणसं बूड खरवडायला लागली. शेवाळाचा असा वास सुटला की बेलदारांनीसुद्धा तोंडाला फडकी बांधली.

तेवढ्यात नाना काठी टेकत पाहणीला आले. पालथी होडी बघून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "वा! चांगलं घट्ट काम करा. घाई करू नका. लागू द्यात लागतील तेवढे दिवस," असं म्हणून ते परत गेले. मार्तंडाला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! आणि आपण त्याला फसवतोय. त्याला जरा वाईटही वाटलं, पण ते वाईट वाटणं पाण्यापेक्षा बरंच उथळ होतं.

दुपारी आमरसाचं जेवण झालं. क्वार्टरच्या पत्र्याखाली नुसती भट्टी पेटली होती. माणसं भाकरी खायला घरोघर गेली, मार्तंड कचेरीत खुर्चीतच लवंडला, आणि नाना "जरा वाऱ्याला जातो," म्हणून बाहेर पडले.

ऊन कलल्यावर काम पुन्हा सुरू झालं. तीन दगडांवर डांबर तापवलं. छगन होडीकडे बघून म्हणाला, "भाऊसाहेब, ही एका अंगाला कलल्याली हाय. डांबर सगळं तिकडंच वघळंल."

"मग काढा टेकू!" मार्तंडानं हुकूम सोडला. सकाळपासून त्याला हुकूम सोडायची गोडी लागली होती.

टेकू काढले. होडी धप्पकन सपाट बसली. गोणपाटाचे बोळे काठ्यांना बांधून डांबर फासायला सुरुवात झाली. मध्येच कुठूनतरी घर्रर्र, घर्रर्र असा आवाज यायला लागला.

"हे काय रे?" मार्तंडानं विचारलं.

"डांबर खदखदतंय जनू," सहादेव म्हणाला.

"आच कमी कर."

आच कमी केली. आवाज काही कमी झाला नाही. पण सरकारी डांबर आहे, ते आपल्या मर्जीनंच खदखदणार, असं म्हणून सगळ्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. बूड काळंभोर, चकचकीत झालं. इतकं सुंदर काम आपल्या हातून झालं हे पाहून (त्याच्या हातून फक्त हुकूम झाला होता) मार्तंडाचा ऊर भरून आला.

आणि तेवढ्यात दमयंती चहाचं विचारायला आली.

"नाना कुठायत?"

"घरी."

"घरी नाहीत. दुपारीच बाहेर पडले. इकडेच आले असतील म्हटलं."

सगळे इकडे तिकडे बघायला लागले. छगन पाण्याच्या कडेनं चालत गेला आणि एकदम थांबला. एका खडकावर नानांचा पुणेरी जोडा नीट जोडून ठेवला होता. शेजारी काठी. काठीवर टोपी. आणि पुढे फक्त पाणी.

दमयंतीनं जोडा ओळखला आणि मटकन खाली बसली. "अहो, त्यांना पोहता येत नाही हो! पाय धुवायला उतरले असतील... नाना! नाना हो!"

मार्तंड त्या जोड्याकडे बघत राहिला. सकाळपासूनचा सगळा प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढून गेला. एक साधं दर्शन मागितलं होतं म्हाताऱ्या माणसानं. होडीत घालून नेलं असतं, तर आत्ता प्रसादाचा नारळ फोडत असते. आपण खोटं बोललो, आणि ते एकटेच या पाण्यात... दमयंतीचं रडणं त्याला ऐकवेना. तो पलीकडच्या काठाकडे तोंड करून, हात जोडून, सगळ्यांदेखत मोठ्यानं ओरडला, "अमृतेश्वरा! माझे सासरे एवढे परत दे! मी स्वतः त्यांना होडीतून तुझ्या दारात घेऊन येईन!"

मग तो सहादेवकडे वळला. "होडी घाल पाण्यात! शोधायला जाऊ!"

"तुमी येनार?" सहादेवचे डोळेच विस्फारले.

"मी येणार! बघतोस काय!"

"पर डांबर वलं हाय, भाऊसाहेब."

"मरू दे डांबर!"

आणि जो माणूस होडीत पाय ठेवायला घाबरत होता, तोच सगळ्यांच्या आधी त्या चिकट, काळ्या होडीला दोन्ही हातांनी भिडला. छगन भिडला, सहादेव भिडला, बेलदार भिडले. "हैसा!" या वेळी 'हैसा' म्हणायला कुणाला वेगळं ठेवलं नव्हतं. होडी एका कडेवर उठली, क्षणभर उभी राहिली, आणि धाडकन पलीकडे उलथली.

खाली, थंडगार वाळूवर, उशाला उपरणं घेऊन, एका कुशीवर नाना झोपले होते. घर्रर्र, घर्रर्र.

सगळे बघतच राहिले. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली तशी नानांनी कपाळाला आठी घातली.

"कोण आहे ते? दार लावून घ्या," ते म्हणाले, आणि दुसऱ्या कुशीवर वळले.

"नाना!" दमयंती रडता रडता हसायलाच लागली. मार्तंडाला काय करावं कळेना. आनंदानं त्याला इतकं भरून आलं की त्यानं धावत जाऊन नानांच्या दोन्ही पायांना मिठी मारली. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत डांबर होतं. नानांची गोरीपान पावलं क्षणात विठोबासारखी झाली.

"अहो मार्तंडराव, दिवाळी आहे का पाडवा? नमस्कार कसला?" नाना उठून बसले. मग त्यांनी आपले पाय पाहिले, जावयाचे हात पाहिले, आणि भोवती उभी असलेली ती सगळी काळी माणसं पाहिली. "आणि हे कुठलं सोंग?"

घडला प्रकार दमयंतीनं सांगितला. नाना शांतपणे म्हणाले, "जोड्याला डांबर लागू नये म्हणून तो लांब ठेवला. आणि मी सावलीला आत शिरलो. इतकी झकास झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती."

त्या संध्याकाळी घरातलं जपून ठेवलेलं रॉकेल बाहेर निघालं. ओसरीवर सासरे-जावई शेजारी शेजारी बसले, आणि नाना पाय नि मार्तंड हात चोळत राहिले. दमयंती आत होती. मार्तंडाला राहवेना. तो हळूच म्हणाला, "नाना, एक सांगू? होडी सकाळी बाहेर नव्हतीच. मी नंतर काढायला लावली. मला पाण्याची भीती वाटते."

नानांचा चोळणारा हात थांबला. मार्तंडानं मान खाली घातली. आता पारनेरची छडी निघणार!

नानांनी आतल्या दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगता?"

"अगदी खरं."

"मार्तंडराव, मलाही वाटते."

"काय?"

"भीती! अहो, पारनेरात कुठं एवढं पाणी? इथलं पाणी पाहिलं तेव्हाच माझं धाबं दणाणलं. पण दमयंतीच्या आईनं बजावून पाठवलंय, की दर्शन घेतल्याशिवाय परत तोंड दाखवू नका. म्हणून बोललो. तुम्ही डांबराचं म्हणालात तेव्हा मला असं सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! पालथ्या होडीत मला कोण नेणार? म्हणून तर तिच्याखाली गाढ झोपलो."

मार्तंडाला हसू आवरेना. नानाही हसले. हेडमास्तरांना हसताना मार्तंड पहिल्यांदाच बघत होता, आणि ते चांगलं हसत होते. आपल्या मनावरचं मणभर ओझं उतरलं असं त्याला वाटलं.

तेवढ्यात दमयंती दारात आली. "छान झालं! डांबर वाळलं की परवा निघू. नवस बोललाय तुम्ही, सगळ्या धरणाच्या साक्षीनं."

दोघांचं हसू एकदमच थांबलं. पुढचे दोन दिवस सासरे-जावई आळीपाळीनं काठावर जात, होडीला बोट लावून बघत, आणि घरी येऊन "अजून ओलंच आहे हो," असं सांगत. पण मे महिन्यातलं ऊन कुणाचं ऐकत नाही. तिसऱ्या दिवशी सहादेव आणि छगननं होडी पाण्यात ढकलली. शेवाळ निघाल्यामुळे ती आता बदकासारखी हलकी झाली होती. म्हणजे आणखीच डुलत होती.

सासरे-जावई मधल्या फळीवर एकमेकांची मनगटं घट्ट धरून बसले आणि दोघांनी डोळे गच्च मिटले. होडी डुलली. नानांनी मोठ्यानं स्तोत्रं म्हणायला सुरुवात केली. पाठ होती तेवढी सगळी झाली. ती संपल्यावर त्यांनी पाढे सुरू केले. मार्तंडानं साथ धरली. तिसापर्यंतचे पाढे झाले, पावकी झाली, निमकी झाली, पाऊणकी अर्ध्यावर आली. लाटा फळ्यांवर चुबुक चुबुक आपटत होत्या. मार्तंडाच्या लक्षात आलं, की आपण इतका वेळ पाण्यावर आहोत आणि अजून जिवंत आहोत. त्याला स्वतःचा अभिमान वाटायला लागला. नानांच्या मनगटावरची पकड त्यानं थोडी सैल केली.

"बघितलंत नाना? काही होत नाही. नुसता मनाचा खेळ असतो," तो म्हणाला, आणि डोळे न उघडताच, सराईत दर्यावर्दीच्या थाटात त्यानं हाक दिली, "काय सहादेव, किती राहिलं रे?"

"कशाचं, भाऊसाहेब?"

"अरे, अंतर! पलीकडचा काठ किती राहिला?"

"त्यो हाय तितंच हाय," सहादेव म्हणाला. "वैनीसाहेब नारळ इसरल्या, त्या आनाया घरी गेल्यात. त्या आल्या की दोर सोडतो."