नीरजाचा गुडघा

लिफ्टचं दार उघडायच्या आत मुकुल रिसबुडने बायकोला हळूच आठवण केली, "लंगड."

"कुठला पाय?" नीरजाने विचारलं.

"डावा. दर वेळी काय विचारतेस?"

"परवा जोशीकाकूंसमोर मी उजवा लंगडले. त्या म्हणाल्या, अगं बाई, पसरलं की काय!"

दार उघडलं. नीरजा डावा पाय ओढत बाहेर आली. वॉचमनने तत्परतेने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. "बैठो मॅडम. रिक्षा बुलाऊ?"

"नको रे, इथं मागेच जायचंय. देवळापाशी."

नीरजाच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. आजही नाही, कधीच नाही. ही बाई शाळेत लंगडीच्या संघात होती. गुडघा आजारी पडला तो सहा वर्षांपूर्वी, रिसबुडांनी बाळकुमच्या या टॉवरमध्ये राहायला आल्यावर ऑटोमॅटिक गाडी घेतली त्या दिवशी. कुणीतरी पार्किंगमध्ये सहज विचारलं, "तुम्ही एवढे गाड्यांतले दर्दी, आणि ऑटोमॅटिक?" आणि मुकुलच्या तोंडून निघून गेलं, "हिच्यासाठी हो. हिचा डावा गुडघा. क्लच दाबवत नाही."

खरं कारण असं होतं, की मुकुलला गिअरची गाडी येत नव्हती.

परवाना होता. नौपाड्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमधून मिळालेला. पण त्या गाडीत शेजारी बसणाऱ्या सरांच्या पायाखालीही एक क्लच होता, एक ब्रेक होता. मुकुल स्टिअरिंग धरून बसायचा, गिअर हलवायचा, आणि क्लच सर दाबायचे. परीक्षेच्या दिवशीही सर शेजारीच होते. त्या परवान्यावर मुकुलचा फोटो आहे; न्यायाने सरांच्या डाव्या पायाचा हवा होता. असे परवाने आपल्यात किती जणांच्या खिशात आहेत, ते ज्याने त्याने खाली वाकून स्वतःच्या पायाकडे बघून ठरवावं.

बरं, येत नाही तर गप्प बसावं. पण न येणाऱ्या माणसाइतकं बोलायला कुणालाच येत नाही. मुकुल सोसायटीच्या ग्रुपवर गाड्यांवर निबंध टाकायचा. रात्रंदिवस व्हिडिओ बघून त्याला सगळं तोंडपाठ झालं होतं. एकदा क्लबहाउसमध्ये त्याने एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर कसा सांभाळतात ते स्लिपर घालून, खुर्चीत बसून करून दाखवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तो 'रिसबूड सर' झाला.

याची किंमत नीरजा भरत होती. सोसायटीचा मंगळागौरीचा संघ तिनेच उभा केला होता. त्याच संघाने तिला प्रेमाने बाजूला बसवलं. "तुझा गुडघा आहे गं. तू टाळ्या वाजव." फुगड्या इतर बायका घालायच्या, आणि ही कडेला बसून टाळ्या वाजवायची. सहा श्रावण.

"या श्रावणात मी खेळणार," तिने यंदा सांगून टाकलं होतं. "तुझं तू काय ते बघ."

"फक्त धनेशची गाडी येऊ दे," मुकुल गयावया करत म्हणाला होता. "मग सांगू, आयुर्वेदाने बरा झाला."

धनेश मढवी म्हणजे ज्यांच्या भातशेतावर हा टॉवर उभा आहे त्या घरातला मुलगा. टॉवरच्या भिंतीमागे त्यांचं जुनं घर, पुढे गावदेवीचं देऊळ. धनेशला शिकलेल्या माणसांबद्दल फार आदर. आणि आदर वाटणारा माणूस समोर आला की मुकुलच्या अंगात यायचं.

चार महिन्यांपूर्वी धनेश बायकोला घेऊन क्लबहाउसमध्ये आला होता. "सर, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतोय. लाल. आता गिअरवाली घेऊ का ऑटोमॅटिक? शोरूमवाला बोलतो, ऑटोमॅटिक लगेच भेटंल, गिअरवालीला थांबावं लागंल. कृतिका बोलते ऑटोमॅटिकच घ्या. पण तुमी बोलाल ती घेणार."

मुकुल मायेने हसला. "वहिनी, तुमच्या सोयीचं आहे, मान्य. पण ऑटोमॅटिक म्हणजे गाडी नव्हे, पाळणा. आणि स्पोर्ट्स कार ऑटोमॅटिक घेणं म्हणजे मटणाचा रस्सा स्ट्रॉने पिणं."

धनेशने मांडीवर थाप मारली. "ऐकलंस? स्ट्रॉने!"

"सर, तुमची कुठलीय?" कृतिकाने शांतपणे विचारलं.

"आमची ना... हिच्या गुडघ्यामुळे."

"सेम सर! आमची मोठी गाडी बी हिच्यामुळंच ऑटोमॅटिक घेतली," धनेश म्हणाला.

कृतिकाने नवऱ्याकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या नीरजाच्या गुडघ्याकडे बघितलं. गिअरवाली बुक झाली.

आज ती आली होती. देवळासमोरच्या चढावर, झेंडूच्या माळा घालून, लाल, बुटकी, मांजरासारखी दबून बसलेली. चारी चाकांपुढे चार लिंबं. बाजूला बेंजो पार्टी. अर्धं गाव आणि अर्धी सोसायटी जमलेली. धनेशची आई तुळसा स्वतःचे दुखरे पाय ओढत आली आणि गाडीच्या मागे, सावलीत, नीरजासाठी खुर्ची मांडली. "बस गो बय. उभी नको राव. तुझे ढोपरासाठी तेल आणलंय, आमचे वैदाचं. जाताना देते."

नीरजा बसली. मेल्याहून मेल्यासारखी.

नारळ फुटला. आणि धनेशने माइक घेतला. "गाडी रिसबूड सरांनी सिलेक्ट केली. तर लिंबावरून पहिली गाडी सरांच्या हातानं!"

बेंजो सुरू झाला. मुकुल मागे सरकला. "नको रे धनेश, मालकाने..."

"सर, लाजू नका!"

दोघातिघांनी त्याला उचलल्यासारखं करून आत बसवलं. बसवलं कसलं, खाली सोडलं. ती गाडी इतकी बुटकी होती. पायापाशी तीन पेडल होती. मुकुलने शेजारच्या सीटकडे बघितलं. तिथे सर नव्हते.

त्याने क्लच दाबला, पहिला टाकला, सोडला. गाडीने उचकी दिली आणि बंद पडली. बेंजो थांबला. त्याने पुन्हा चालू केली, बेंजोही चालू झाला. उचकी. बंद. बेंजो बंद. असं पाच-सहा वेळा झालं. बेंजोवाल्यांना वाटलं सर ताल देतायत.

"काय झालं सर?" धनेश खिडकीत वाकला.

इथे खरं बोलायची सोय होती. सोपी, स्वस्त. पण मुकुलने घाम पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, सहा वर्षं ऑटोमॅटिक चालवतोय ना, हिच्या गुडघ्यापायी. पायाची सवय मोडली. हिच्यासाठी किती गोष्टी सोडल्या मी, काय सांगू!"

बायका हळहळल्या. आरशात त्याला नीरजा दिसली. ती त्याच्याकडेच बघत होती. त्या नजरेने तो गडबडला, हँडब्रेक सोडला, क्लच तळापर्यंत दाबला आणि ब्रेकवरचा पाय काढला.

चढावर उभी असलेली गाडी मागे निघाली. सरळ. नीरजाच्या खुर्चीकडे.

"सर, ब्रेक!"

मुकुलने आणखी जोरात क्लच दाबला.

मग सगळ्यांनी बघितलं ते असं. नीरजा खुर्चीतून उठली नाही, उडाली. ओचा खोचायचीही वाट न बघता तिने एका झेपेत देवळाचा कमरेइतका उंच ओटा गाठला आणि दोन्ही पायांवर खणखणीत उभी राहिली. खाली खुर्चीचा चुरा झाला. मुकुलला अखेर ब्रेक सापडला. गाडी थांबली.

धनेशचे चुलते दगडूकाका पुढे आले, ओट्यावरच्या नीरजाकडे बघितलं, देवीकडे बघितलं आणि हात जोडून ओरडले, "देवीनं केलं! गावदेवीनं बायचं ढोपर बरं केलं!"

बेंजो असा काही वाजला, की टॉवरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं आली.

मुकुल गाडीतून रांगत बाहेर पडला. सुटलो, हा त्याच्या मनातला पहिला विचार. दुसरा नव्हताच. "हो ना!" तो ओरडला. "चमत्कारच की! डॉक्टरांनी हात टेकले होते!"

आता पुढचं गावाने केलं असं कुणाला वाटेल, तर नाही. पहिली खुर्ची आली ती चौदाव्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, विज्ञान शिकवायच्या. त्यांनी गाडीच्या मागे खुर्ची ठेवली आणि पदर सावरून बसल्या. "मुकुल, हळू घे हं. मला बीपी आहे."

"काय घेऊ?"

"रिव्हर्स."

बघता बघता गाडीमागे खुर्च्यांची रांग लागली. ढोपरं, कंबरा, टाचा, एकाचा खांदा. सोसायटीचे सेक्रेटरी रांग सरळ करू लागले. "सर, जरा रेस करून घ्या मागं!" कुणीतरी सुचवलं. मुकुलला तर रिव्हर्स कुठे असतो तेही सापडलं नसतं. देवाची तेवढीच कृपा.

मग तुळसा आली. गर्दीने वाट करून दिली. तिने सगळ्यांत पुढे, जिथे नीरजाची खुर्ची मोडली होती तिथेच दुसरी मांडली. दोन्ही हात मांडीवर टेकून, तोंडाने आई आई करत, कशीबशी खाली बसली. डोळे मिटले. हात जोडले. "घे सर. मना भ्या नाय. जिनाबी चढवत नाय रं आता."

मुकुलने वर बघितलं. नीरजा अजून ओट्यावर उभी होती.

"सांग तू," ती हळू म्हणाली. "म्हातारीचे पाय खरे दुखतायत मुकुल. माझ्यासारखे नाही."

मुकुलच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आजवर तो अनेकदा घाबरला होता, पकडला जाईन म्हणून. लाज त्याला आज पहिल्यांदा वाटली, आणि ती घाबरण्यापेक्षा कितीतरी वाईट निघाली. घाबरलेल्या माणसाला पळता येतं.

"मावशी, उठा," तो म्हणाला. "चमत्कार नाही झाला. हिचा गुडघा कधी दुखतच नव्हता. मला... मला गिअरची गाडी येत नाही."

माइक चालू होता. धनेशने तो सवयीने त्याच्या तोंडासमोर धरला होता. टॉवरच्या वरच्या मजल्यांपर्यंत गेलं.

"सहा वर्षं?" जोशीकाकू खुर्चीतून टुणकन उठल्या. त्यांचाही गुडघा बरा होता असं दिसलं. "आणि आम्ही तिला टाळ्या वाजवायला बसवली!"

मुकुल धनेशकडे वळला. आता थोबाडीत बसणार, अशा तयारीने त्याने डोळे अर्धे मिटले. पण धनेशचा चेहरा पांढरा पडला होता.

"सर," तो केविलवाण्या आवाजात म्हणाला, "मग मना कोण शिकवणार?"

"म्हणजे?"

"मला तरी कुठं येते? म्हणून तर पहिली तुमच्या हातानं बोललो. बोललो, खिडकीतून बघून घेऊ. तुमच्या नौपाड्याच्या शाळेतच शिकलो ना मी. क्लच सरांच्या पायात होता."

कृतिका पुढे आली. तिने धनेशच्या हातून किल्ली काढून घेतली, जणू लहान पोराच्या हातातून कात्री घेतेय. "मोठी गाडी माझ्यामुळं ऑटोमॅटिक ना? सांगा, माइक हाय तुमच्या हातात. माहेरी मी बापाचा वीटभट्टीचा टेम्पो कशेळीच्या पुलावरून आणायची. ऑटोमॅटिक घ्या बोलले ते तुमची अब्रू राहावी म्हणून बोलले. तर हे सर आले, रस्सा स्ट्रॉने पाजायला." मग ती ओट्याकडे वळली. "नीरजाताई, येताय? दोनच सीट हायत."

नीरजाने ओट्यावरून उडी मारली. खरं तर बाजूला पायऱ्या होत्या.

गाडी चारी लिंबं चिरडत, एकही उचकी न देता चढ चढून गेली. बेंजोवाले तिच्यामागे धावले. रिकाम्या खुर्च्यांमध्ये दोन पुरुष उरले, एकमेकांकडे न बघता.

तुळसा टेकत टेकत उठली. तिने कनवटीची तेलाची बाटली काढली, क्षणभर विचार केला आणि ती मुकुलच्या हातात कोंबली.

"डावे पायाला लाव," ती म्हणाली. "रोज. घरात पडून कुजलाय तो."

मुकुल निघाला. क्लच दाबून दाबून डाव्या पोटरीत असा गोळा आला होता, की पाऊल टेकवेना. भिंत धरत, पाय ओढत तो टॉवरखाली पोचला. वॉचमनने त्याला लांबूनच बघितलं आणि काही न विचारता खुर्ची पुढे सरकवली.

"बैठो सर. कौन सा पैर?"

"डावा," मुकुल म्हणाला, आणि बसला.