झिनियाचं माहेरपण

आमच्या कॉलनीत झिनियाचं बी पेरणीआधी चार दिवस माहेरी राहून आल्याशिवाय उगवत नाही.

बाकीच्या फुलांची अशी काही अट नाही. झेंडू कुठंही उगवतो, सदाफुलीला तर नळाखालची फटसुद्धा चालते. झिनियाचं मात्र माहेरपण व्हावंच लागतं, आणि कऱ्हाडातल्या आमच्या कॉलनीतल्या यच्चयावत झिनियाचं माहेर म्हणजे शेट्यांचं अंगण. नलूवहिनी शेट्यांनी पहिलं रोप लावलं आणि त्यांनीच घरोघर बियांच्या पुड्या वाटल्या. एकदा पाटणकर सरांनी बैठकीत मुद्दा काढला की आपापल्या अंगणात धरलेल्या बियांचं माहेर आपलंच अंगण, शेट्यांचं घर हे फार तर आजोळ. सर शाळेत व्याकरण शिकवायचे, त्यामुळे त्यांना असल्या शंका येतात. झिनिया समितीची चिटणीस या नात्यानं मी त्या वर्षी एक पुडी घरीच ठेवून पाहिली. एक बी उगवलं असेल तर शपथ. तेव्हापासून समितीनं पिढ्या मोजणं बंद केलं.

पद्धत सोपी आहे. फूल झाडावरच वाळू द्यायचं, पार तपकिरी होऊन हातात कुरकुरेपर्यंत. मग ते चोळायचं, सुपात घोळून भूस फुंकून टाकायचं आणि बी कागदाच्या पुडीत ठेवायचं. प्लॅस्टिकमध्ये ते घुसमटतं. वैशाखात पुड्या शेट्यांकडे पोचवायच्या. नलूवहिनी बिया परातीत, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यावर पसरायच्या आणि दिवसभर भाजी निवडता निवडता त्यांच्याशी बोलत बसायच्या. परत आणल्यावर थोडं बी ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवायचं. कोंब फुटले की माहेरपण अंगी लागलं असं समजायचं आणि उरलेलं बी वाफ्यात अगदी वरच्यावर पेरायचं.

गेल्या वर्षी नलूवहिनी आजारी होत्या; आमच्या पुड्यांचं माहेरपण त्यांनी कसंबसं केलं, पण त्यांचं अंगण मोकळंच राहिलं. पौषात त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात शेटेभाऊजी एकटे राहिले आणि नलूवहिनींचं बी उरलं ते फक्त आमच्या पुड्यांमध्ये.

वैशाखाच्या तोंडावर बैठक झाली. पाटणकर सर म्हणाले, "एक वर्ष माहेर चुकलं की बी मनाला लावून घेतं. पुढं कितीही पाठवा, उपयोग नाही."

"म्हणजे नलूवहिनींचा झिनिया संपला?" मी विचारलं.

"संपला," सर म्हणाले आणि उगाच चष्मा पुसत बसले.

मला ते ऐकवेना. मी आणि शेजारची हसीना बागवान अशा दोघी तडक शेट्यांकडे गेलो. भाऊजी व्हरांड्यात शिळा पेपर वाचत बसले होते. जन्मभर एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. घरातही बोलायचे ते गाडी लागल्याची सूचना दिल्यासारखं.

"आता कसलं माहेर, वहिनी?" ते म्हणाले. "जिच्याकडं यायच्या ती गेली. मला त्यातलं काही कळत नाही."

हसीना म्हणाली, "माहेरी बाप बी असतोय की, भाऊ."

भाऊजींनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "सकाळी आणा."

त्यांनी व्यवस्था चोख ठेवली होती, यात वाद नाही. परात घासलेली, धोतराचा तुकडा धुतलेला, खिडकीत ऊन येऊ नये म्हणून चादर लावलेली. चार दिवसांनी आम्ही बिया परत आणल्या, थोड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि वाट पाहिली. माझ्याकडे एकही कोंब नाही. हसीनाकडे नाही. पाटणकरांकडे नाही. बिया फडक्यात गाल फुगवून बसल्यासारख्या नुसत्या पडून होत्या.

समितीला चौकशी करणं भाग होतं. आम्ही पुन्हा व्हरांड्यात जाऊन बसलो.

"भाऊजी, आल्या आल्या तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काही वावगं नाही म्हणालो. या, बसा म्हटलं. आणि विचारलं, परतीचं कधीचं?"

हसीनानं कपाळावर हात मारून घेतला. "अवो, माहेरी आलेल्या लेकीला कधी जाणार म्हणून इचारत्यात व्हय?"

भाऊजींचा चेहरा पडला. "मला काय ठाऊक? स्टँडवर जो येतो तो जायलाच येतो."

मग ते खाली बघून म्हणाले, "तुम्हाला खरं सांगतो. चार दिवस घरात कुणीतरी असणार, मग पुन्हा नसणार. ते कधी, एवढं आधी कळलं असतं तर बरं पडलं असतं. तिच्या वेळी कळलं नाही."

मला भडभडून आलं. हसीनानं तर पदर डोळ्याला लावला.

एका वर्षात दोनदा माहेरपण करता येतं का, हा प्रश्न पाटणकर सरांनी उपस्थित केला. तसा नियम नाही, असं ते म्हणाले. मग तशी मनाईही नाही, असं मी म्हणाले, आणि पुड्या पुन्हा शेट्यांकडे गेल्या. ही शेवटची संधी होती. पेरणीचे दिवस सरत आले होते.

या वेळी भाऊजींनी त्यांना काहीच विचारलं नाही. मी डबा द्यायला गेले तर ते परातीशेजारी पाट घेऊन बसलेले. मला वाटलं, घटका बसतील आणि उठतील. पण ते हळू आवाजात बियांना सांगत होते, "धने संपलेत बहुतेक. ती कुठल्या डब्यात ठेवायची, तुम्हाला ठाऊक असणार. मी सगळे डबे उघडून पाहिले. एकात तर नुसत्या सुतळ्या निघाल्या. एवढ्या सुतळ्या कशाला साठवायची कोण जाणे." मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि आल्या पावली परतले. बापलेकींच्या बोलण्यात आपण कशाला पडा.

न्यायच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. हसीनानं पुडीचा कागद पुढं केला, तशी भाऊजींनी परातीवर हात आडवा धरला.

"राहू देत की अजून दोन दिवस," ते म्हणाले. "एवढी काय घाई आहे?"

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आवाज सूचनेचा नव्हता. मीच काय, पाटणकर सरही दाराबाहेर बघायला लागले.

भाऊजींनी हात काढला तेव्हा परातीतल्या बियांना कोंब फुटलेले होते. फडकं कोरडं ठणठणीत, पाण्याचा थेंब नाही आणि एकूणएक बी उगवलेलं. चाचणी आमच्या डोळ्यांदेखत पार पडली होती.

हसीना हसायला लागली, पण मला पुढचं दिसत होतं. कोंब फुटलेलं बी ठेवून चालत नाही. ते त्याच दिवशी मातीत जावं लागतं, आणि माहेरपणाला आलेला झिनिया माहेरच्या मातीत मूळ धरत नाही. समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली.

"भाऊजी, आता त्यांना थांबवता नाही यायचं."

"हो," ते म्हणाले. "दिसतंय मला."

मग तेच उठले. एकेक बी चिमटीत धरून, कोंबाला धक्का न लावता ओल्या कागदावर ठेवलं. दर पुडीबरोबर अंगणातली मूठभर माती दिली. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणाले. फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला बजावलं, "पोचल्यावर कळवा." पाटणकरांचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून आहे. हसीनाचं तर भिंतीला भिंत लागून आहे.

संध्याकाळी मी त्यांच्यासाठी ताट घेऊन गेले, तर फोन लागोपाठ वाजत होता. पोचल्या हो भाऊ, लावल्या हो भाऊ, पाणी घातलं. भाऊजी प्रत्येकाला विचारत होते, प्रवास नीट झाला ना, ऊन नाही ना लागलं? पुड्या नेलेल्या सगळ्या घरांचे फोन येऊन गेले. मी मोरीत परात विसळायला घेतली.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या खेपेला भाऊजी बराच वेळ नुसतं ऐकत राहिले.

"हं," ते म्हणाले. "हं. नाही गं पोरी, मला कसला त्रास? घर जरा मोठं वाटतं एवढंच. वाटेल हळूहळू सवयीचं."

पुन्हा थोडा वेळ ऐकलं.

"हो हो, जेवलो. मघाशीच जेवलो. तू नीट राहा."

ओट्यावर मी आणलेलं ताट झाकलेलंच होतं. मी आमटी पुन्हा गरम करायला ठेवली.