माऊसचं कपाळ

तीन वाजता प्रेरणाची परीक्षा होती, आणि दोन वाजून पाच मिनिटांनी माऊस हलायला तयार नव्हता.

परीक्षा साधीसुधी नव्हती हो! नागपूरच्या एका डिझाईन कॉलेजची प्रवेशपरीक्षा. घरबसल्या द्यायची, पण मोबाईलवर उघडत नाही. आधी नोंदवलेल्या कॉम्प्युटरवरच द्यायची. चित्रांचे तुकडे माऊसनं उचलून जागच्या जागी बसवायचे. परीक्षा हुकली की वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी मामांनी पाहून ठेवलेलं स्थळ दारात उभं राहणार, हे डोणगावातल्या त्या घरात सगळ्यांना पक्कं माहीत होतं. प्रेरणाला तर झोपेतही माहीत होतं.

कॉम्प्युटर तिच्या थोरल्या भावानं, गोकुळनं उभा केलेला. बुलढाण्याच्या कॉलेजातून त्यानं भंगारात निघालेला एक डबा आणला, त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली टाकली, आणि मेलेलं यंत्र उठून बसलं! तेव्हापासून तानुबाई आजी त्या कॉम्प्युटरकडे पाठ करून बसत नसत. जुना माऊस सकाळीच बंद पडला म्हणून गोकुळनं स्टँडवरच्या फहीमच्या दुकानातून नवा यूएसबी माऊस आणला, जोडला, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि तो सुरू होईपर्यंत दोन घास खायला गेला.

तेवढ्यात आजी हळदीकुंकवाची थाळी घेऊन आल्या. नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, हा त्यांचा नियम. मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांनी तो मुकाट्यानं पाळलेला. आजींनी माऊस उचलला, उलटा केला आणि तोंडात बोटच घातलं.

"बाप्पा! वात नाही, तेल नाही, अन् दिवा जळून राह्यला!"

त्यांनी मनोभावे आपलं काम केलं आणि त्या देवघराकडे गेल्या.

गोकुळ जेवून आला. माऊस सरकवला. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही.

"काऊन बे, काय झालं?" पंजाबरावांनी विचारलं. प्रेरणाचे वडील सकाळपासून चपला घालून बसले होते. कुठं जायचं होतं म्हणून नाही, जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून.

"टिचक्या वाजून राह्यल्या, पण बाण हालत नाही." गोकुळनं माऊस उलटा करून पाहिला. उन्हाचा ताव म्हणून खिडकी लावून घेतलेली, खोलीत अंधारच होता. "लाल तर दिसते. म्हणजे लाईट चालू हाय."

मग त्यानं कीबोर्डवरूनच कॉम्प्युटरला आज्ञा द्यायची काळी चौकट उघडली आणि तीत खटाखट आज्ञा लिहिल्या. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावत वर गेल्या. अख्खं घर त्या ओळींकडे पाहत राहिलं.

"काय म्हणते थो?" प्रेरणानं विचारलं.

"म्हणते, माऊस आला हाय."

"आला हाय थे तं मलेबी दिसून राह्यलं!" पंजाबराव उसळले. "फुकटचं टाकलं की असंच होते."

"बाबा, जगातले मोठमोठे कॉम्प्युटर याच्यावरच चालतात."

"चालत असतीन. पण त्याईचे माऊस हालत असतीन!"

फहीमला फोन गेला. दुसरा माऊस घेऊन तो गाडीवरून पाच मिनिटांत हजर. "माह्या दुकानात तर सुसाट पळे, कसम से," तो म्हणाला. "माऊस बदलवा अन् कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा." नवा माऊस लावला, बटण दाबलं. यंत्र जुनं, उठायला वेळ घ्यायचं. तोवर सगळे ओसरीत आले आणि पंजाबरावांनी फहीमला चहा पाजला. परत येऊन पाहतात तो हाही माऊस थंड! टिचकी वाजते, लाल दिसतं, बाण हलत नाही.

फहीम घाबरला. "या घरात येऊनच मरून राह्यले यार माऊस." अडीच वाजले होते. तो गाडीवरून दुकानात गेला आणि स्वतःचा, पाच वर्षं वापरलेला माऊस उपटून घेऊन आला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. प्रेरणा मोरीत तोंड धुवायला गेली. रडत होती ते लपलं नाही. गोकुळ बुलढाण्याच्या मित्राला फोन लावायला अंगणात गेला, फहीम आणि पंजाबराव त्याच्या मागं.

मित्रानं फोन उचलला नाही. सगळे आत आले. तिसराही माऊस गेला होता.

"आता काई होत नाही," प्रेरणा म्हणाली आणि खाली बसली. पावणेतीन.

देवघराच्या उंबऱ्यावरून आजी हळहळल्या.

"कसं होईन माय! मी तं तिघाईलेबी कुकू लावलं. या शेवटच्याचं कपाळ तं एवढुसं, दोनदा लावा लागलं."

"कपाळ?" गोकुळ हळूच वळला. "आजी, कुठं लावलं?"

"दिव्यावर. आणखी कुठं लावू? थेच तं देवाचं ठिकाण हाय."

फहीमनं माऊस उलटा केला. खिशातलं मोबाईल पुसायचं कापड काढून त्यानं दिवा घासला. कापड लालभडक झालं. माऊस टेबलावर ठेवून सरकवला मात्र, बाण पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा धावला की पंजाबरावांच्या अंगावर काटा आला.

"हालला!" ते ओरडले. "अबे, हालला!"

आजींचा चेहरा उतरला. थाळी त्यांनी खाटेखाली सरकवली. "माह्यामुळंच झालं सारं," त्या पुटपुटल्या.

पण परीक्षा सुरू होण्याआधी पडद्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यानं प्रेरणाचा चेहरा ओळखायला हवा होता. पडद्यावर पाटी आली, 'चेहरा ओळखता आला नाही.' गोकुळनं परत दाबलं. परत तीच पाटी. तीनला चार मिनिटं उरली होती.

प्रेरणानं डोळे पुसले आणि मागं वळून पाहिलं. "आजी, इकडं ये. साऱ्याईले लावलं, अन् मले लावलंच नाही ना."

आजी धडपडत उठल्या. थाळी पुन्हा बाहेर आली. त्यांनी नातीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं, आणि त्याच क्षणी पडद्यावर हिरवी पाटी उमटली, 'चेहरा ओळखला. परीक्षा सुरू करा.'

"पाह्यलं?" आजींनी हात जोडले. "कुकू लावलं अन् ओळखलं त्यानं!"

पंजाबरावांनी चपला काढल्या आणि कॉम्प्युटरला नमस्कार केला. गोकुळ तोंड उघडणार होता, पण फहीमनं त्याचा हात दाबला.

महिन्याभरानं यादी लागली, त्यात प्रेरणाचं नाव होतं. मामांना निरोप गेला. डोणगावात आता कोणाकडे कॉम्प्युटर आला की आजींना बोलावणं येतं, आणि त्या माऊसला पाठीवर कुंकू लावतात, पोटावर नाही.

त्या दिवशी आजींचं बोट प्रेरणाच्या कपाळाला टेकत असतानाच कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून फहीमनं हळूच खिडकी उघडली होती. हे त्यानं आजवर कोणाला सांगितलेलं नाही.