उकारावरची दोन टिंबं

परदेशी रुग्णालयात नेमणूक हवी असलेल्या परिचारिकांसाठी जर्मन उच्चारांची सोपी पुस्तिका काढावी, असं प्रशिक्षण कार्यालयानं ठरवलं आणि काम जर्मन शिकवणाऱ्या एका निवृत्त गुरुजींवर सोपवलं. जर्मनमध्ये एक स्वर असा आहे, की ओठ ‘उ’चे करायचे आणि आतून ‘इ’ म्हणायचं. गुरुजींनी त्यासाठी अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं दिली. ‘द्रुकन’वर टिंबं असली तर अर्थ दाबणे, नसली तर छापणे.

टंकलेखिकेच्या यंत्रात अशी टिंबं नव्हती. तिनं लेखी विचारणा केली. कार्यालयाच्या साहेबांनी शेरा मारला, ‘सदर टिंबांना मंजुरी आढळत नाही. सबब वगळावीत.’

“साहेब, अर्थ बदलतो हो,” गुरुजी म्हणाले.

“दोन टिंबांसाठी अडून बसण्याइतके जर्मन लोक कोत्या मनाचे नसावेत, गुरुजी.”

पुस्तिका निघाली. तोंडी परीक्षेला त्या रुग्णालयाच्या मेट्रन स्वतः आल्या. पहिल्या परिचारिकेनं अत्यंत नम्रपणे जर्मनमध्ये विचारलं, “तुमच्या पोटावर जरा छापू का?” मेट्रननी पर्स पोटाशी घट्ट धरली. दुसरीनं आणि तिसरीनंही छापण्याचीच परवानगी मागितली. मेट्रनना काही उमजेना. ‘पाहुण्यांचं उच्चारज्ञान अद्ययावत नाही,’ अशी नोंद करून साहेबांनी त्यांना पुस्तिकेची एक प्रत सप्रेम भेट दिली.

चौथी परिचारिका मात्र गुरुजींच्या घरी जाऊन शिकली होती. महिनाभर आरशासमोर ओठांचा चंबू करून बसायची. सासूबाईंना वाटायचं, सूनबाई रुसल्या. तिनं पोट दाबण्याचीच परवानगी मागितली. मेट्रनचा चेहरा खुलला. “ही मला उद्याच हवी,” त्या म्हणाल्या.

निकाल लागला. तिघी पास, ही नापास. शेरा: ‘पुस्तिकाबाह्य उच्चार.’ प्रमाणपत्राशिवाय नेमणूक नाही. फेरपरीक्षा आठ दिवसांनी.

ती डोळे पुसत गुरुजींकडे गेली. “मी बरोबर बोलले होते ना?”

“बरोबर बोललीस, पोरी. तिथंच चुकलं.”

गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी मुलांचे उच्चार सुधारले होते. शेवटी त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “ओठ सैल सोड. अजून. जीभ आळशी ठेव. हां, आता कसं कार्यालयासारखं बोललीस.” एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले.

फेरपरीक्षेत ती पहिली आली. आता परदेशात ती पेशंटची पोटं अचूक विचारून दाबते.

पुस्तिकेची सध्या सहावी आवृत्ती चालू आहे. शेवटच्या पानावर ‘चुका आढळल्यास कळवाव्यात’ असं आवाहन असतं. आजवर एकही चूक कोणी कळवलेली नाही. चूक ज्यांना दिसली, त्यांना पास व्हायचं होतं. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या परीक्षेत पास झालाच असाल की.